पाण्यावरचं नेलपॉलिश: संगमरवरी नक्षी जमते कशी आणि फसते कुठे

पाण्याने भरलेल्या पेल्यात नेलपॉलिशचे रंगीत थेंब सोडायचे, टूथपिकने त्यात रेघा ओढायच्या आणि नख बुडवून ती नक्षी उचलायची. वॉटर मार्बलिंग म्हणतात ते एवढंच. व्हिडिओत बघताना हे मिनिटभराचं काम वाटतं. करायला बसलं की मात्र पहिला थेंब सरळ तळ गाठतो, दुसरा पसरतो पण टूथपिक लावताच सगळा गोळा होऊन तिला चिकटतो, आणि एवढ्यातून निभावलं तर नखावर नक्षीच्या जोडीला बुडबुडे उमटतात. मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. पाणी कोमट घ्या, नाही, गारच घ्या, फिल्टरचंच हवं, अमुकच पॉलिश चालतं. यातले निम्मे सल्ले उरलेल्या निम्म्यांना छेद देतात.

मूळ गोष्ट समजली की कुठला सल्ला कधी लागू पडतो हे आपलं आपल्याला कळतं. ती गोष्ट अशी: पाण्यावर पडल्या क्षणापासून पॉलिश वाळायला लागतं. रेघ ओढता येईल इतकं ओलं आणि अख्खं उचलता येईल इतकं घट्ट, या दोन टोकांच्या मधे त्याला गाठायचं असतं. ही मधली वेळ कधी अर्ध्या मिनिटाची असते, कधी मिनिटभराची. पाण्याच्या तापमानापासून बाटलीच्या वयापर्यंत सगळं येऊन थांबतं ते या वेळेपाशी.

बाटलीत असतं काय

साध्या नेलपॉलिशचा साधारण ७० टक्के भाग उडून जाण्यासाठीच घातलेला असतो. हा भाग म्हणजे द्रावक, मुख्यतः इथाइल ॲसिटेट आणि ब्युटाइल ॲसिटेट. झाकण काढल्यावर नाकात शिरणारा तो गोडसर वास यांचाच. या द्रावकात नायट्रोसेल्युलोज विरघळवलेलं असतं. द्रावक उडालं की मागे उरणारा चकचकीत पापुद्रा मुख्यतः त्याचा. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते तयार करतात. प्रक्रिया जास्त झाली तर त्याच घराण्यातून स्फोटकं निघतात, बेताने केली तर लॅकर. १९२०च्या दशकात झटपट वाळणारा रंग म्हणून या लॅकरने मोटारींचे कारखाने जिंकले आणि तिथून ते नखांवर आलं. याशिवाय पापुद्रा ठिसूळ होऊ नये म्हणून प्लास्टिसायझर असतो, नखाला धरून राहावं म्हणून रेझिन असतं, आणि अर्थात रंगद्रव्य.

आणखी एक घटक आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: माती. हेक्टोराइट किंवा बेंटोनाइट जातीची बारीक, प्रक्रिया केलेली माती पॉलिशमध्ये घालतात. तिच्यामुळे बाटली स्थिर असताना आतला माल घट्ट धरून राहतो आणि जड रंगकण तळाशी बसत नाहीत. घुसळलं की तोच माल पातळ होतो. म्हणून महिनाभर कपाटात उभी असलेली बाटली थेट उघडून थेंब सोडला तर तो गोळ्यासारखा पडणारच. आधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये आडवी धरून अर्धा-एक मिनिट घोळवायची. जोरजोरात हलवायची मात्र नाही, त्याने हवा मिसळते आणि ती पुढे नखावर फोडांच्या रूपाने भेटते.

इथेच हेही उलगडतं की जेल पॉलिश या कामाला का चालत नाही. साधं पॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक उडतं, बाकी काही होत नाही. जेलमध्ये उडून जाणारं द्रावक जवळपास नसतंच. दिव्याच्या अतिनील प्रकाशात त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते कडक होतं. पाण्यावर ते नुसतं चिकट राहील, पापुद्रा धरणार नाही. पाण्यात मिसळणारी वॉटर-बेस्ड पॉलिश तर उघडच बाद. 'साठ सेकंदांत वाळेल' असं मिरवणारी बाटलीही बाजूला ठेवा, कारण आपल्याला नेमकी ती घाई नको आहे.

थेंब पसरतो तो पाण्याच्या ओढीने

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, पण पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने कोणीच नसतं. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग सतत आक्रसून राहायला बघतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. २५ अंश सेल्सियसला पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. इथाइल ॲसिटेटचा २४च्या आसपास. एककं विसरलात तरी चालेल, तिप्पट फरक आहे एवढं लक्षात ठेवा.

थेंब पाण्यावर टेकला की त्याच्या कडेला रस्सीखेच सुरू होते. बाहेरच्या बाजूने पाणी ७२च्या जोराने ओढतं. आतल्या बाजूने थेंबाचा स्वतःचा ताण आणि थेंब-पाणी यांच्या सीमेवरचा ताण असे दोघं मिळून ओढतात, पण त्यांची बेरीज पाण्याच्या निम्म्याच्याही आत राहते. पाणी जिंकतं आणि थेंबाची कड क्षणात पेल्याच्या काठाकडे धावते. पॉलिश पसरलं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात पाण्याने त्याला ताणून पसरवलेलं असतं. पृष्ठताणाच्या फरकामुळे द्रव असा वाहतो, याला इटलीच्या कार्लो मारांगोनी यांच्या नावाने मारांगोनी परिणाम म्हणतात. त्यांनी १८६५ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं होतं.

यातून पहिला व्यवहारी धडा निघतो, आणि माझ्या मते तो फिल्टरच्या पाण्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे: पेला साबणविरहित हवा. साबणाचा किंचितसा अंश पाण्याच्या पृष्ठभागावर आला तरी ७२चा आकडा तीस-चाळीसपर्यंत घसरतो. रस्सीखेचीत पाण्याची बाजूच लुळी पडते आणि थेंब जागच्या जागी भिंगासारखा बसून राहतो किंवा बुडतो. हाताला नुकतंच लोशन लावलं असेल तर बोट पाण्याला लागताच तोच प्रकार होतो. कोणी सांगतं की नळाचं पाणी चालत नाही, फिल्टरचंच लागतं. काही ठिकाणी फरक पडत असेलही. पण पाणी बदलण्याआधी पेला दोन-तीनदा नुसत्या पाण्याने खळखळून धुवा, नाहीतर कागदाचा नवा कप घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पाण्याचा पृष्ठभाग इतक्या थोडक्याने मळतो हे नीट मोजलं ते आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी. औपचारिक विज्ञानशिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही, घरकाम आणि आईवडिलांची देखभाल यांत अडकलेल्या. त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या पसरट तबकावर एक सरकती पट्टी ठेवली. पट्टी सरकवून मळलेला पृष्ठभाग कमी-जास्त जागेत कोंडायचा आणि पृष्ठताण कसा बदलतो ते मोजायचं, अशी ती युक्ती. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांना पत्र लिहून हे सगळं कळवलं आणि रेलींनी ते त्याच वर्षी मार्चमध्ये 'नेचर' नियतकालिकात छापवून आणलं. पुढे याच तबकाच्या सुधारित रूपावर रेणूच्या जाडीच्या थरांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं.

नखांच्या पेल्यातही पॉकेल्सबाईंचा निष्कर्ष डोळ्यांनी दिसतो. पहिला थेंब मोठं वर्तुळ करतो. दुसरा त्याच्या मधोमध सोडला की तो पहिल्याला बाहेर रेटतो, पण स्वतः तेवढा पसरत नाही, कारण त्याच्यासमोर आता उघडं पाणी नाही, आधीच ताण उतरलेला पृष्ठभाग आहे. तिसरा आणखी आखडतो. नेमबाजीच्या लक्ष्यासारखी जी वर्तुळं तयार होतात, त्यात बाहेरचं कडं पातळ आणि आतलं दाट दिसतं ते यामुळे. पाच-सहा थेंबांनंतर पुढचा थेंब पसरायचं नावच घेत नाही. तिथे थांबावं.

आता बुडणाऱ्या थेंबाकडे येऊ. पॉलिशची घनता पाण्याच्या आसपासच असते. द्रावक पाण्यापेक्षा हलकं, पण नायट्रोसेल्युलोज जड, आणि रंगद्रव्यं त्याहून जड. पांढऱ्या रंगासाठी वापरतात ते टायटॅनियम डायऑक्साइड तर पाण्याच्या चौपटीहून जड असतं. म्हणजे थेंब तरंगतो तो मुख्यतः पृष्ठताणाच्या आधारावर. उंचावरून सोडला तर तो वेगाने पृष्ठभाग भेदून आत जातो. एकदा चहूबाजूंनी पाणी लागलं की त्याला ओढून पसरवणारं कोणी उरत नाही. म्हणून ब्रश पाण्यापासून जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर धरायचा आणि थेंब आपल्या वजनाने सुटू द्यायचा. पेला काठोकाठ भरलेला असला की हे सोपं जातं. पांढरा आणि घट्ट क्रीम रंग बुडण्यात पटाईत. त्यांना पहिल्यांदाच, उघड्या पाण्यावर सोडलेलं बरं.

अर्धं मिनिट लांबवायचं कसं

थोडा हिशेब करू. थेंब २० मायक्रोलीटरचा, म्हणजे २० घन मिलिमीटरचा धरू. पेल्याचा व्यास ६ सेंटीमीटर धरला तर पृष्ठभाग सुमारे २८०० चौरस मिलिमीटर होतो. थेंब सगळीकडे पसरला तर त्याची जाडी भरते एका मिलिमीटरच्या हजारातल्या सात भागांएवढी, म्हणजे ७ मायक्रॉन. त्यातलं ७० टक्के द्रावक गेलं की उरतात दोन. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. इतक्या पातळ थरातून द्रावक निसटायला कितीसा वेळ लागणार? वरून ते हवेत उडतं, आणि खालून पाण्यात विरघळतं. इथाइल ॲसिटेट तर लीटरभर पाण्यात ऐंशीएक ग्रॅम विरघळतं. पॉलिशला दोन्ही बाजूंनी गळती लागलेली असते.

याच हिशेबातून नखावर आधी पांढरा कोट का द्यायचा तेही कळतं. पाच थेंब मिळूनही वाळलेला थर दहाएक मायक्रॉनच भरतो. गुलाबी किंवा पिवळ्या रंगाचा एवढा पातळ थर अर्धपारदर्शक असतो. खाली पांढरं असलं तरच तो खुलतो.

गळती पूर्ण थांबवता येत नाही, मंद करता येते. पंखा बंद. एसीचा झोत तोंडावर नको. पाणी खोलीच्या तापमानाचं, साधारण २२ ते २७ अंश. गरम पाण्यावर द्रावक भर्रकन उडतं आणि रेघ ओढायच्या आत पापुद्रा आवळतो. फ्रीजच्या पाण्यावर पॉलिश दाटतं आणि पसरायला कुरकुरतं. 'कोमट' आणि 'गार' सांगणारे दोघेही आपापल्या खोलीपुरते बरोबर असतात. ज्याची खोली गारठलेली त्याला कोमट पाण्याने फायदा होतो, ज्याची तापलेली त्याला थोड्या गार पाण्याने.

सगळ्या बाटल्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायची, ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने मांडायची. हे क्षुल्लक वाटतं, पण तिसऱ्या बाटलीचं अडकलेलं झाकण फिरवेपर्यंत पहिल्या थेंबाचा कागद झालेला असतो.

जुनी बाटली सहसा दगा देते, कारण प्रत्येक वेळी उघडल्यावर थोडं द्रावक उडून गेलेलं असतं. तिच्यात नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब घालून घोळवलं की ती कामाला येऊ शकते. थिनर म्हणजे तीच ॲसिटेटं. त्याऐवजी रिमूव्हर ओतण्याचा मोह होतो, तो टाळा. त्यात सहसा असणारं ॲसिटोन पाण्यात हवं तेवढं मिसळतं, त्यामुळे थेंब टेकताच ते पाण्यात पळून जातं आणि पॉलिश होतं त्याहून लवकर आवळतं.

नवीन बाटली आणली की सगळा थाट मांडण्याआधी तिचा एक थेंब पाण्यावर सोडून बघावा. पातळ होऊन काठापर्यंत गेला तर ती कामाची. मधेच थबकला, कडा जाड राहिल्या तर ती नुसती ब्रशने लावायला ठेवा. किंमत आणि पसरणं यांचा काही संबंध नाही.

रेघ

वर्तुळं तयार झाली की सगळ्यात बाहेरचं कडं पेल्याच्या काठाला चिकटून वाळलेलं असतं. त्याला हात लावायचा नाही. टूथपिक तिथे अडकली की अख्खी चकती एका बाजूला खेचली जाते. तसंच ते काठाला धरून राहिल्यामुळे मधला ओला भाग ताणलेला राहतो, म्हणजे ते आपल्या फायद्याचंच आहे. काठापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या कड्यात टोक टेकवायचं आणि मध्याकडे ओढायचं.

टोक फक्त पृष्ठभागाला लागलं पाहिजे, पाण्यात खोल जाता कामा नये. रेघ संपली की टूथपिक टिश्यूवर पुसायची, मगच दुसरी. पुसली नाही तर टोकाला लागलेलं पॉलिश वाळून त्याचा बोळा होतो आणि पुढची रेघ ओढली न जाता फाटते. जाड टूथपिकपेक्षा बारीक सुई किंवा टाचणी चांगली, तिला कमी पॉलिश लागतं.

बाहेरून आत ओढलेल्या चार रेघांनी चार पाकळ्यांचं फूल होतं. मग त्या पाकळ्यांच्या मधून आतून बाहेर ओढलं तर टोकं उलटी वळतात. एकाच बाजूने समांतर रेघा ओढल्या तर पिसासारखी नक्षी येते. रंग एकमेकांत कालवले जात नाहीत, कारण इतक्या पातळ थरातल्या दाट द्रवात भोवरे उठत नाहीत. एक पट्टा दुसऱ्याशेजारून नुसता सरकतो. म्हणून गुलाबी आणि पांढरा कितीही जवळ आले तरी मधली सीमा धारदार राहते. अर्थात रेघा ओढतच बसलं तर पट्टे इतके बारीक होतात की डोळ्याला मिश्र रंगच दिसतो, आणि तोवर वेळही संपलेली असते. पाच-सहा रेघा पुरे.

हीच कल्पना कागदावर फार जुनी आहे. जपानमधली सुमिनागाशी साध्या पाण्यावर शाईची वर्तुळं सोडून करतात. तुर्कस्तानची एब्रू डिंकासारख्या पदार्थाने दाट केलेल्या पाण्यावर होते आणि तिचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. एब्रूच्या रंगात पृष्ठताण उतरवण्यासाठी बैलाचं पित्त घालतात. पण त्यांचे रंग पाण्यावर ओलेच राहतात, कलाकार निवांत काम करू शकतो. आपला रंग वाळतो, आणि दुधावरच्या सायीसारखा सलग उचलता येतो तो त्यामुळेच.

रेघा ओढायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी एक सोपा खेळ आहे. एकाच रंगाचा पापुद्रा पसरल्यावर लगेच वरून हँड सॅनिटायझरचा किंवा परफ्यूमचा एक बारीक फवारा मारायचा. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्यापेक्षा पुष्कळ कमी. जिथे तुषार पडतो तिथला ताण उतरतो, भोवतालचा पापुद्रा त्या बिंदूपासून मागे सरकतो आणि जाळीदार भोकं पडतात. रंगीत कोटावर ही जाळी उचलली की लेस लावल्यासारखं दिसतं.

बुडवणं

नखावर बेस कोट आणि वर पांढरा कोट आधीच देऊन तो पुरता वाळलेला हवा. नखाभोवतीच्या कातडीवर चिकटपट्टी लावा किंवा सोलून निघणारं लेटेक्स, कारण पापुद्रा नखापुरता चिकटत नाही, बोटाच्या पेरापर्यंत गुंडाळला जातो. ज्यांना लेटेक्सची ॲलर्जी आहे त्यांनी पट्टीवरच भागवावं.

नक्षीचा कुठला भाग नखावर हवा ते ठरवून बोट हळू खाली न्यायचं. नख पाण्याला अगदी समांतर ठेवलं तर नक्षी विस्कटत नाही, पण नख आणि पापुद्रा यांच्यामध्ये हवा कोंडते. बुडबुडे येतात ते इथून. नख किंचित तिरकं ठेवून टोकाकडून टेकवत नेलं तर हवेला बाहेर पडायला वाट मिळते. भसकन बुडवलं तर पापुद्रा फाटतो.

बोट आत गेलं की तसंच पाण्याखाली धरा. बाहेर काढायची घाई केली तर पृष्ठभागावर उरलेला पापुद्रा वर येताना दुसऱ्यांदा नखावर बसतो आणि सगळी नक्षी झाकून टाकतो. वर राहिलेलं पॉलिश दहाएक सेकंद वाळू द्यायचं, हवी तर त्यावर फुंकर घालायची, आणि टूथपिक गोल फिरवून ते गुंडाळून काढायचं. पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ झाला की त्या उघड्या जागेतून बोट वर.

नखावर पाण्याचे थेंब असतील. टिश्यूच्या कडेने ते टिपून घ्या, पुसू नका. पट्टी काढा, उरलेलं ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने साफ करा. टॉप कोटची घाई इथे महागात पडते. खाली ओल राहिली तर चकाकी धुरकट होते, आणि नक्षी कच्ची असताना ब्रश फिरवला तर रेघा ओघळतात. नख पूर्ण कोरडं झाल्यावर ब्रश भरपूर भरून, न दाबता, एका ओढीत फिरवायचा.

पेल्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतण्याआधी पॉलिशचे सगळे तुकडे काडीने काढून कचऱ्यात टाका, पाइपात ते पुन्हा चिकटून बसतात. आणि पंखा बंद ठेवलात तरी खिडकी उघडी असू द्या. इथाइल ॲसिटेटची वाफ उणे ४ अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणजे कुठल्याही खोलीत ती ज्वलनशीलच असते. शेजारी मेणबत्ती किंवा गॅस पेटलेला नको.

दहा वेळा बोट बुडवणं, दहा वेळा साफसफाई, आणि त्यात उजव्या हाताची नक्षी डाव्या हाताने काढायची. कोणाला हे सगळं नको वाटलं तर नवल नाही. त्यांनी नखाऐवजी प्लास्टिकच्या जाड पिशवीचा सपाट तुकडा पाण्यावर टेकवावा. नक्षी त्याला चिकटून येते. ती पूर्ण वाळली की चिमट्याने सोलायची, कात्रीने नखाच्या आकाराची कापायची आणि टॉप कोटच्या किंचित ओल्या थरावर बसवायची. यात एक जास्तीची सोय आहे. बोट बुडवताना पापुद्र्याची वरची बाजू नखाला चिकटते आणि आपल्याला दिसते ती पाण्याकडची, म्हणजे नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते. फुला-पाकळ्यांत ते कळतही नाही, पण एका बाजूला झुकलेली वेल किंवा एखादं अक्षर काढलं असेल तर ते पाण्यावर उलटंच काढावं लागतं. सोललेला तुकडा मात्र हवा त्या बाजूने लावता येतो.